घरच्या चटण्यांसाठी ब्लॉग लिहून गिऱ्हाईक मिळतं का? (बेळगाव-शहापूर)

शहापूरची_मावशी | १२ ऑगस्ट, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी बेळगावात शहापूरला राहते. सहा वर्षं झाली, घरातूनच शेंगा चटणी, गुरेळाची चटणी, जवसाची चटणी आणि वर्षाचा मसाला करून विकते. हाताखाली दोघीजणी आहेत. गिऱ्हाईक म्हणजे गल्लीतलं, माहेरचं आणि पुण्याला नोकरीला गेलेली इथली पोरं. ही पोरं गणपतीला येतात, चार-चार किलो बांधून नेतात, मग दिवाळीपर्यंत सगळं सामसूम.

गेल्या वर्षी एकजण भेटला. ‘ताई, तुम्हाला इंटरनेटवर आणतो’ म्हणाला. १२ हजार घेतले आणि आठ लेख टाकले, सगळे इंग्रजीत. फोटो दुसऱ्याच कुणाच्या तरी चटणीचे. त्यात कढीपत्ता दिसतोय, आणि आमच्या चटणीत कढीपत्ता नसतोच! वर्षभरात एक फोन आला, तोही विमा विकणाऱ्याचा.

भाचा म्हणतो ब्लॉग म्हातारा झाला, मावशी तू रील कर. मला कॅमेऱ्यासमोर जमत नाही, घसा सुकतो. लिहायला मात्र आवडतं. म्हणून परत स्वतःच लिहावं असं मनात येतंय. सासूबाई विचारतात, ‘रात्रभर मोबाईलवर काय करूलालीस?’ त्यांना काय सांगू?

ब्लॉग लिहून खरंच माल खपतो का? कुणाचा अनुभव आहे?

---

खानापूर_नाका | १२ ऑगस्ट, रात्री ११:१५

स्पष्ट सांगतो, राग मानू नका. वाचतंय कोण आता? आमचं जांबोटीकडे काजू आणि मधाचं छोटं काम आहे. व्हॉट्सअ‍ॅपचे तीन ग्रुप, सकाळी एक फोटो, संध्याकाळपर्यंत माल संपतो. ब्लॉग म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग.

---

कापशीवाला | १३ ऑगस्ट, सकाळी ७:०५

खानापूरकर, संपतो की! खरं कुणाला? जे ग्रुपात आहेत त्यांनाच. ज्याला तुम्ही माहीतच नाही तो ग्रुपात येणार कुठून?

मावशी, मी निपाणीचा. आमचं घर चार पिढ्या चपलांचं. २०१६ पासून ब्लॉग लिहितोय, फुकटच्या ब्लॉगरवर. पहिली दोन वर्षं मीही तेच केलं जे तुमच्या त्या १२ हजारवाल्यानं केलं. ‘उत्तम दर्जा, वाजवी दर, एकदा अवश्य भेट द्या.’ कुत्रं फिरकलं नाही.

मग एकदा पावसाळ्यात एका बाईंचा फोन आला. आमच्याकडचा जोड नव्हता तो, दुसरीकडून घेतलेला. भिजून फुगला होता, काय करू म्हणून विचारत होत्या. मी अर्धा तास समजावलं. हे कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं, शिवण चामड्याच्याच वादीची, ते पावसात घालायचंच नाही. भिजलं तर सावलीत वाळवा, उन्हात टाकाल तर वाकडं होईल. फोन ठेवल्यावर वाटलं, हेच लिहून टाकू. जसं बोललो तसं लिहिलं. शीर्षक दिलं ‘कोल्हापुरी चप्पल पावसात भिजली तर’.

ती पोस्ट आजही दर जूनमध्ये जिवंत होते. लिहिली २०१८ ला, गिऱ्हाईक येतंय अजून. व्हॉट्सअ‍ॅपवरचा २०१८ चा फोटो शोधून दाखवा बघू.

दुसरी चालणारी पोस्ट म्हणजे ‘नवी चप्पल चावते, काय करावं’. तिसरी, कोल्हापुरी म्हणवणारी चप्पल कर्नाटकात कशी बनते यावर. २०१९ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते आठ जिल्ह्यांना: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि इकडचे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. गिऱ्हाईक शंका घेतं, ‘निपाणीची म्हणजे नकली का?’ रोज तोंडानं सांगून थकलो होतो. आता लिंक पाठवतो.

२०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं आपल्यासारखी चप्पल दाखवली आणि गदारोळ झाला. त्या आठवड्यात ही तिसरी पोस्ट एवढी वाचली गेली की मला वाटलं काहीतरी बिघडलंय. पोस्ट आधीपासून होती म्हणून लोकांना सापडली. गदारोळ झाल्यावर लिहायला बसलो असतो तर तोवर सगळं थंड झालं असतं.

---

शहापूरची_मावशी | १३ ऑगस्ट, दुपारी २:२०

कापशीवाले दादा, वाचून धीर आला. दुपारी बसून एक मजकूर लिहिला, बघा हो:

‘आमच्या घरगुती चटण्या म्हणजे परंपरेची चव आणि आईच्या हाताची ऊब. शुद्ध, पौष्टिक व स्वादिष्ट. गुरेळाची चटणी संधिवातावर रामबाण. आजच ऑर्डर करा.’

---

गडहिंग्लजकर | १३ ऑगस्ट, दुपारी ३:०१

मावशी, हे तुम्ही लिहिलंय की चॅटजीपीटीनं? 😄

---

शहापूरची_मावशी | १३ ऑगस्ट, दुपारी ३:१०

‘ऊब’ भाच्यानं घातली. बाकी माझंच.

---

टिळकवाडी_सीए | १३ ऑगस्ट, सायंकाळी ६:३०

‘संधिवातावर रामबाण’ आधी काढा. खाण्याच्या वस्तूनं आजार बरा होतो असं जाहिरातीत म्हणता येत नाही, २०१८ चे एफएसएसएआयचे (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे) नियम आहेत. ब्लॉगवर लिहिलं म्हणजे जाहिरातच. पाकिटावरचा एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर ब्लॉगवरही टाका, लोकांचा विश्वास बसतो.

आणि एक गोष्ट, जी आपल्या भागात कुणी वेळेवर सांगत नाही. ब्लॉगमुळे गिऱ्हाईक बाहेरून येणार. तुमचं बाहेरचं म्हणजे पुणे, कोल्हापूर, मुंबई. करयोग्य माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकायचा तर जीएसटी नोंदणी पहिल्या रुपयापासून लागते. ती ४० लाखांची मर्यादा राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याला. म्हणजे गंमत बघा, बीदर एवढं लांब, पण कर्नाटकातच, तिकडे पार्सल पाठवलं तर प्रश्न नाही. शिनोळी इथून हाकेच्या अंतरावर, पण महाराष्ट्रात, तिथे पार्सल गेलं की आंतरराज्य व्यवहार झाला. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (छोट्या धंद्यांसाठीची सोपी योजना) असाल तर बाहेरच्या राज्यात विकताच येत नाही. हस्तकलेच्या ठराविक वस्तूंना सवलत आहे, चटणीला नाही. शिनोळीचा माणूस तुमच्या दारात येऊन रोखीनं घेऊन गेला तर ती गोष्ट वेगळी.

घाबरवायला सांगत नाही. आधी नोंदणी करा, मग पुण्याची ऑर्डर घ्या, एवढंच. तुमच्या सीएला कागद दाखवूनच काय ते ठरवा.

---

खानापूर_नाका | १३ ऑगस्ट, सायंकाळी ६:५२

हे मला माहीत नव्हतं 😐 साहेब, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

---

कापशीवाला | १३ ऑगस्ट, रात्री ९:३०

मावशी, तुमच्या मजकुरातलं ‘चटण्या’ काढून तिथे ‘लोणची’ घाला. चालतंय? ‘पापड’ घाला. तेही चालतंय. मग तो मजकूर तुमचा नव्हे.

एक वही घ्या. आठ दिवस गिऱ्हाईक दारात किंवा फोनवर जे जे विचारतं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. तुमचे शब्द घालू नका. आठ दिवसांनी इथे टाका.

---

सीमावासी_७७ | १४ ऑगस्ट, सकाळी ८:१२

ब्लॉग मराठीतच लिहा मावशी. पाटीवर ६० टक्के कन्नड सक्तीचं करूनच ठेवलंय, आता ब्लॉगवर तरी आपली भाषा राहू दे. महाजन अहवालापासून आपण बघतोच आहोत...

[पुढचा मजकूर काढला आहे. सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, तिकडे लिहा. इथे चटणीवर बोलू. – संपादक]

---

अनगोळ_डीटीपी | १४ ऑगस्ट, सकाळी १०:४५

मावशी, तांत्रिक सूचना. प्रेसवाल्याकडून मजकूर टाइप करून घेणार असाल तर युनिकोडमध्येच मागा. आमच्यासारखे जुने लोक अजून श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये काम करतात. तो मजकूर ब्लॉगवर चिकटवला की फक्त किडे-मुंग्या दिसतात, आणि गूगलला त्यातलं अक्षर कळत नाही. त्यापेक्षा मोबाईलचा माईक दाबून मराठीत बोला, बऱ्यापैकी उमटतं. जोडाक्षरं नंतर तपासायची.

फोटो मोबाईलवर काढलात की तसाच चढवू नका. चार-पाच एमबीचा फोटो गावाकडच्या नेटवर उघडेपर्यंत माणूस निघून जातो. आकार कमी करा. आणि फोटो तुमच्याच ताटाचा हवा, कढीपत्ता नको 🙂

---

शहापूरची_मावशी | २१ ऑगस्ट, रात्री ९:५०

वही झाली. श्रावण असल्याने गिऱ्हाईक बरं होतं. जसं विचारलं तसं उतरवलंय:

‘लसूण आहे काय? आम्ही चार महिने खात नाही.’ (हे सगळ्यात जास्त. आमच्या गल्लीत जैन घरंही बरीच.)
‘मागच्या वेळची खवट झाली हो, का?’
‘मसाला लाल का नाही? बाजारातला लालभडक असतो.’
‘मसाला तिखट लागतो, रंग येत नाही.’ (परत तेच)
‘गुरेळ म्हणजे काय?’ (पुण्याची सून)
‘कुरिअरनं पाठवाल काय? तेल सुटतं काय पिशवीत?’
‘किलोला किती?’ (हे धरत नाही)

---

कापशीवाला | २१ ऑगस्ट, रात्री १०:२०

मावशी, तुमच्या हातात सहा पोस्ट आहेत, आणि तुम्ही १२ हजार देऊन बसला होतात!

---

गडहिंग्लजकर | २१ ऑगस्ट, रात्री १०:४१

गुरेळाचा प्रश्न सोन्यासारखा आहे. मी पुण्यात राहतो. इथे त्यालाच कारळे म्हणतात. पुण्यातला माणूस शोधताना ‘कारळ्याची चटणी’ टाकणार, ‘गुरेळ’ त्याला ठाऊकच नाही. आणि बेळगावहून आलेला पोरगा ‘गुरेळ’ टाकणार, त्याला ‘कारळे’ आठवत नाही. तुमच्या पोस्टमध्ये दोन्ही नावं नसतील तर निम्मं गिऱ्हाईक तुमच्या दारावरून निघून जाईल. कन्नडमध्ये गुरेळ्ळु, म्हणजे तिकडच्यालाही नाव ओळखीचं.

गावाच्या नावाचंही तेच. २०१४ च्या १ नोव्हेंबरला सरकारी नाव बेळगावी झालं. पण इथला मराठी माणूस बेळगाव लिहितो, हिंदीवाला बेलगाम, आणि इंग्रजीत अर्धे लोक अजून जुनंच स्पेलिंग टाकतात. सगळी रूपं कोंबू नका, वाचताना किळस येते. सहज एक वाक्य लिहा की गावाला कोण काय म्हणतं. काम होतं.

मिरचीवर मात्र मी भांडणार. आमच्या गडहिंग्लजच्या बाजारात संकेश्वरीचा ढीग बघत मोठा झालोय. मसाला लालभडक नाही म्हणणाऱ्याला सांगा, रंग ब्याडगीचा आणि तिखटपणा संकेश्वरीचा. ब्याडगीनं नुसता रंग येतो, जीभ हलत नाही.

---

शहापूरची_मावशी | २४ ऑगस्ट, दुपारी ३:३०

काल रात्री एक लिहिली. ऊब नाही यात:

‘शेंगा चटणी खवट का होते?

शेंगदाण्यात निम्म्याच्या जवळपास तेल असतं. चटणी कुटली की ते तेल वर येतं, त्याला हवा आणि ऊन लागलं की वास बदलतो. आमच्याकडची चटणी खवट झाली अशी तक्रार गेल्या उन्हाळ्यात तीन घरांतून आली. तिघांनीही डबा गॅसच्या शेजारी ठेवला होता. मी सांगायला विसरले होते, चूक माझीच.

काचेच्या बरणीत ठेवा. गॅसपासून लांब, शक्यतो बंद कपाटात. ओला चमचा घालू नका. मोठी बरणी रोज उघडण्यापेक्षा आठवड्यापुरती छोट्या डब्यात काढा. लसूण कच्चा घातला तर चटणी लवकर जाते, म्हणून आम्ही तो तेलावर परतून घालतो. बिनलसणाची त्याहून टिकते.

खवट झालेली चटणी भाजीत घालून संपवू नका. टाकून द्या आणि मला फोन करा.’

कसं वाटतंय?

---

वडगाव_विणकर | २४ ऑगस्ट, दुपारी ४:०५

शेवटची ओळ वाचून मी फोन करणार होतो, चटणी न घेताच.

---

कापशीवाला | २४ ऑगस्ट, रात्री ८:१५

‘चूक माझीच’ हे खोडू नका. कुणीही सांगितलं तरी खोडू नका.

आता एवढंच करा. वर-खाली दोन्हीकडे फोन नंबर आणि व्हॉट्सअ‍ॅपची थेट लिंक. माणूस वाचून झाल्यावर नंबर शोधत बसत नाही. गूगलचं सर्च कन्सोल जोडून घ्या, फुकट आहे. लोक नेमके कुठले शब्द टाकून तुमच्यापर्यंत आले ते त्यात दिसतं. मला त्यातूनच कळलं की लोक मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाकतात, म्हणून पोस्टचा पत्ता मी इंग्रजी अक्षरांत ठेवतो. आणि गूगलच्या नकाशावर धंद्याची नोंद करा. घरातून काम करता ना? घराचा पत्ता लपवून नुसता भाग दाखवायची सोय असते. वेळीअवेळी दारात अनोळखी माणूस नको.

---

वडगाव_विणकर | २४ ऑगस्ट, रात्री ८:४०

कन्नडचं काय? आमच्या साड्यांचं निम्मं गिऱ्हाईक हुबळी-धारवाडचं. मी एकाच पोस्टमध्ये अर्धं मराठी अर्धं कन्नड केलं होतं, दोघांनाही ते आपलं वाटलं नाही.

---

गडहिंग्लजकर | २४ ऑगस्ट, रात्री ९:०२

वेगळी पोस्ट करा आणि एकमेकींची लिंक द्या. यंत्राकडून भाषांतर करून तसंच टाकू नका, शेजारच्या कन्नड घरातल्या कुणालातरी वाचायला द्या. मावशींचं तर सोपं आहे. ‘शेंगा चटणी’ दोन्हीकडे शेंगा चटणीच.

---

खानापूर_नाका | २५ ऑगस्ट, सकाळी ९:३०

मी अजून माझ्या मतावर आहे, ग्रुपवर माल लवकर जातो. पण मध थंडीत साखरेसारखा घट्ट होतो आणि दर डिसेंबरात लोक भेसळ म्हणून भांडतात. यावर लिहिलं तर?

---

कापशीवाला | २५ ऑगस्ट, सकाळी ९:४५

आला बघा रिकामटेकडा 😄 लिहा की गा! नोव्हेंबरातच लिहून ठेवा.

---

शहापूरची_मावशी | ८ फेब्रुवारी, रात्री १०:१०

धागा वर आणतेय, हिशेब द्यायचा होता.

टिळकवाडीच्या साहेबांचं ऐकून आधी नोंदणी केली. त्यातच दिवाळी गेली. जीव जळला खूप. एकूण ११ पोस्ट झाल्या. पहिले तीन महिने कुणी आलं नाही, रोज आकडे बघायचे, शेवटी भाच्यानं पासवर्ड बदलून ठेवला.

डिसेंबरपासून फोन येऊ लागले. आठवड्याला दोन, कधी तीन. खूप नव्हेत. खरं हे लोक भाव करत नाहीत! ‘तुमचं वाचलं’ म्हणूनच बोलायला सुरुवात करतात. सगळ्यात जास्त चालते ती ‘गुरेळ म्हणजे कारळे काय?’ ही. जी मला सगळ्यात चांगली वाटत होती, सासूबाईंच्या पाट्या-वरवंट्याची, ती अकरा जणांनी वाचली. त्यात सहा आमच्याच घरचे.

मिरचीच्या पोस्टखाली एका बाईंनी चांगलंच सुनावलं, ब्याडगीला कमी लेखलं म्हणून. मग त्यांनीच दोन किलो मसाला मागवला, ब्याडगी जास्त घालून.

सासूबाई आता फोन आला की विचारतात, ‘पेपरातला काय?’ ब्लॉगला त्या पेपर म्हणतात.

एक अडचण आहे. कडक भाकरीची पोस्ट टाकली आणि नेमकी तिलाच मागणी आली. चटणीबरोबर हवी म्हणतात. दोनदा पाठवली, दोन्ही वेळा पुण्यात पोचेपर्यंत चुरा. कुणी पाठवतं काय? कशी बांधता?

---

वडगाव_विणकर | ८ फेब्रुवारी, रात्री १०:३५

पत्र्याच्या गोल डब्यात उभ्या नव्हे, आडव्या रचा. मध्ये वर्तमानपत्र नको, शाई लागते. कोरा कागद घाला. वर एवढं भरा की झाकण लावल्यावर हलवलं तर आवाज यायला नको.

---

शहापूरची_मावशी | ८ फेब्रुवारी, रात्री १०:४१

डब्याचे पैसे कुणाकडून घ्यायचे?

---

टिळकवाडी_सीए | ९ फेब्रुवारी, सकाळी ७:५५

गिऱ्हाइकाकडून. आणि बिलात दाखवा.